दुखापतीनंतर कामावर परत: कोकणातल्या छोट्या मालकांसाठी आणि कामगारांसाठी

काजू कारखान्यात कटिंगला बसणाऱ्या बाईचं मनगट मोडलं, की पुढचं साधारण ठरलेलं असतं. प्लास्टर, दीड महिना घरी आणि मालकाचा निरोप: "पूर्ण बरी झालीस की ये." प्लास्टर निघतं तेव्हा मनगट आखडलेलं असतं, मुठीत जोर नसतो. अशा हाताने दिवसभर कटर चालवणं शक्य नाही, म्हणून ती आणखी महिनाभर थांबते. तोवर तिच्या जागेवर दुसरी बसलेली असते. मालकाच्या मनात खोट असतेच असं नाही. त्याला दोनच पर्याय दिसतात: आली तर पूर्ण काम, नाहीतर घरी. या दोहोंच्या मध्ये बरंच काम पडलेलं असतं, ते शोधायचं कसं ते इथे पायरीपायरीने सांगतो.

लोट्याच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांकडे सेफ्टी ऑफिसर असतो, डॉक्टर असतो. त्यांच्यासाठी हा लेख नाही. दहा-वीस-पन्नास माणसं असलेले काजूचे कारखाने, आंब्याच्या पॅकिंग शेड, मासळीच्या प्रक्रिया युनिट, चिरेखाणी आणि होड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

पहिला आठवडा: फोन आणि कागद

फोन पहिल्या दोन-तीन दिवसांतच करावा, आणि तो अशा माणसाने करावा ज्याच्याशी ती मोकळं बोलते. मुकादमाशी आधीपासून धुसफूस असेल तर मुकादमाने करू नये. बोलायचं एवढंच: जागा तुझीच आहे, पैशांचं काय होईल ते असं असं आहे, आणि प्लास्टर निघायच्या आधी एकदा भेटून बोलू. "कधी येणार?" हा प्रश्न पहिल्या फोनमध्ये नको. त्याचं उत्तर तिच्याकडे नसतं आणि ऐकणाऱ्याला तो तगादा वाटतो.

घाई अशासाठी, की माणूस जितका जास्त दिवस घरी राहतो तितकं परत येणं अवघड होतं. अंगाचं दुखणं कमी होत जातं, पण मनातली भीती वाढत जाते. त्यात मुंबईहून मुलाचा फोन येतो, "आई, पुरे झालं आता, घरी बस." कारखान्यातून कोणी विचारलंच नसेल तर तिला तेच खरं वाटू लागतं.

कागदाचं काम कंटाळवाणं असलं तरी टाळू नका. अपघात रजिस्टरमध्ये वेळ, जागा, मशीन, काय चाललं होतं आणि कोण जवळ होतं ते त्याच दिवशी लिहा. दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्यांना त्याची सूचना कारखाना निरीक्षकाला द्यावी लागते. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) लागू असेल तर त्यांचा अपघात अहवालही वेळेत गेला पाहिजे, कारण तो अडकला की लाभ अडकतो. कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, यात मोडतो. रिक्षा उलटली म्हणजे विषय संपला असं धरू नका.

लाभ किती, हे कामगारालाही माहीत असावं. कामावरच्या दुखापतीमुळे तात्पुरतं काम करता येत नसेल, तर ईएसआयसीकडून मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते आणि असमर्थता असेपर्यंत मिळते. अट अशी की अपघाताचा दिवस सोडून ती किमान तीन दिवस टिकली पाहिजे. साध्या आजारपणाचा लाभ यापेक्षा कमी, म्हणजे ७० टक्के आणि वर्षात ९१ दिवसांपर्यंत. म्हणून कामावर झालेली दुखापत 'घरी पडली' म्हणून नोंदवणं कामगाराला फार महाग पडतं, आणि दुर्दैवाने असं होतं. ईएसआयसी नसेल तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. तात्पुरत्या असमर्थतेसाठी दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण निम्मी मजुरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या गोष्टी सामाजिक सुरक्षा संहितेखाली आल्या आहेत. जुने फॉर्म आणि नमुने बदलू शकतात, तेव्हा भरण्याआधी आपल्या सल्लागाराकडून खात्री करून घ्या.

कामाचे तुकडे पाडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'कटिंग', 'पॅकिंग', 'लोडिंग' ही कामांची नावं झाली. त्यांत शरीर नेमकं काय करतं, ते नावात दिसत नाही. एक दिवस वही घेऊन त्या जागेशेजारी अर्धा तास बसा आणि हालचाली लिहा.

हात-पायाच्या कटरवरचं काम घ्या. एका हाताच्या बोटांनी बी पात्यांमध्ये नीट धरायची, पायाने पेडल दाबायचं, दुसऱ्या हाताने दांडा वळवून टरफल उघडायचं, गर मोकळा करायचा. पाठ सरळ, मान खाली, बसणं लांब. बियांची पाटी भरून आणायची आणि टरफलांची पाटी रिकामी करायची. टरफलातलं तेल हातावर येतं, ते कातडी जाळतं. आता उजवं मनगट मोडलेली बाई यातलं काय करू शकते? पेडल दाबू शकते. दांडा वळवू शकत नाही. पाटी उचलू शकत नाही. डाव्या हाताने बी धरू शकते, पण दुसरा हात रिकामा असला तर त्याचा उपयोग नाही. म्हणजे कटिंग बंद. मग साखळीतलं पुढचं बघा: वाफवलेली बी कापून गर बोरम्यात (वाळवणीच्या भट्टीत) वाळवतात, मग सोलणी, मग ग्रेडिंग, मग पॅकिंग. सोलणीला बोटांची चिमूट लागते, मनगटाचा जोर फारसा लागत नाही. ग्रेडिंगला नजर आणि एक हात चालतो. पॅकिंगला डबे सील करताना जोर लागतो, पण वजन लिहिणं, लेबल लावणं, बॅचची नोंद ठेवणं यांना लागत नाही.

आता हीच बाई पाठीच्या दुखण्याने आलेली असती, तर चित्र उलटं झालं असतं. कटरवर हात ठीक चालले असते, पण इतका वेळ बसवलं नसतं, आणि सोलणीला जमिनीवर मांडी घालून बसणं तर अशक्यच. म्हणून 'हलकं काम' हा शब्द मला पटत नाही. मोडलेल्या हाताला जे हलकं, ते दुखऱ्या पाठीला जड असू शकतं.

वहीत प्रत्येक कामासमोर एवढं लिहिलं की पुरे: किती वेळ उभं, किती वेळ बसून आणि कसं बसून (खुर्ची, मांडी, उकिडवं), किती किलो उचलावं लागतं आणि किती उंचीवर, बोटांचा जोर लागतो की नुसती चपळाई, ओलं-थंड-गरम काय आहे, मशीनची थरथर किती, आणि चुकलं तर काय होतं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. डोक्याला मार लागलेल्या किंवा झोप आणणारी औषधं चालू असलेल्या माणसाला फिरत्या पात्याजवळ बसवायचं नाही, मग काम कितीही सोपं असो.

ही यादी एकदा केली की पुढच्या प्रत्येक अपघाताला उपयोगी पडते. मिरजोळ्यासारख्या एमआयडीसीतल्या मासळी युनिटात ती वेगळी होईल: कोलंबी सोलणं, म्हाकूळ साफ करणं, प्रतवारी, ट्रे भरणं, कोल्ड रूम, वजन. तिथे बर्फाचं पाणी हीच मुख्य अडचण आहे. बोटाला झालेली जखम भरून आली तरी थंडीत ते बोट बरेच महिने ठणकतं. सोलायच्या टेबलावर अशा माणसाला बसवलं तर तो दोन दिवसांत परत जाईल आणि आपण म्हणू, काम करायचंच नाही याला.

डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं

'फिट' किंवा 'अनफिट' एवढं लिहिलेली चिठ्ठी तुमच्या उपयोगाची नाही. वहीतली यादी कामगाराच्या हातात द्या आणि डॉक्टरांना पाच-सहा प्रश्न लेखी विचारा. उजव्या हाताने किती किलोपर्यंत उचललं तर चालेल? सलग किती वेळ उभं राहता येईल? जिना, शिडी, निसरडी जागा चालेल का? ओलं, थंड, रसायन टाळायचं का? औषधांमुळे गुंगी येते का? पुन्हा कधी तपासायचं? तालुक्याच्या दवाखान्यात गर्दीत डॉक्टर लांबलचक लिहिणार नाहीत, पण तयार यादीवर बरोबरच्या खुणा करायला त्यांना दोन मिनिटं लागतात.

आजाराचा तपशील मालकाला लागत नाही. मर्यादा लागतात, त्याच मागा. बाईमाणसाच्या बाबतीत तर हे जपायलाच हवं. छोट्या गावात रिपोर्ट कारखान्याच्या टेबलावर पडला की संध्याकाळपर्यंत वाडीला माहीत होतो.

फिजिओथेरपीची चौकशीही आताच करा. प्लास्टर निघाल्यावर मनगट, खांदा, गुडघा यांचे व्यायाम चुकले की पुढचा सगळा हिशेब चुकतो. रत्नागिरीच्या किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर दिवस मोडतो. तो दिवस पगारी धरलात तर ती जाईल, नाहीतर जाणार नाही.

जागेत आणि कामात बदल

आता बदल. महागडं सामान क्वचित लागतं.

पाठ आणि कंबर: काजू बीचं ८० किलोचं पोतं एकट्याने उचलणं बंद, सगळ्यांचंच बंद. शेडमध्ये आल्यावर ते फोडून २० किलोच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरा आणि क्रेट जमिनीवर न ठेवता कमरेच्या उंचीच्या स्टँडवर ठेवा. चाकांची ट्रॉली घ्या. जमिनीवरची सोलणी टेबलावर न्या. टेबलाची उंची कोपराच्या किंचित खाली. पाठीला टेका असलेली खुर्ची आणि पायाखाली फळी. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटं चालण्याची मुभा, आणि तिचा हिशेब कोणी मागायचा नाही.

पाय, घोटा, गुडघा: उभ्याच्या कामाला उंच स्टूल. उभं राहून काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता येईल अशी सोय ठेवणं १९४८ च्या कारखाना कायद्यापासून बंधनकारक आहे, त्यामुळे ही मेहरबानी समजू नका. ओल्या फरशीवर रबरी मॅट, संडासात धरायला दांडा, आणि संडास भारतीय पद्धतीचा असेल तर प्लास्टिकची कमोड खुर्ची. या शेवटच्या गोष्टीचा विचार कोणी करत नाही आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बायका दिवसभर पाणी न पिता काम करतात.

हात आणि बोटं: हत्यारांच्या मुठी कापडाने किंवा जुन्या सायकल ट्यूबने जाड करा, म्हणजे पकडायला जोर कमी लागतो. झाकण उघडणं, सील करणं अशी जोराची कामं दुसऱ्याकडे द्या.

भाजलेली कातडी: नवीन कातडीवर काजूच्या टरफलाचं तेल, बॉयलरची वाफ आणि दुपारचं ऊन, तिन्ही नकोत. आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे असा दुहेरी थर चालतो, पण जखम पूर्ण भरेपर्यंत कटिंग आणि वाफवणी या दोन्ही जागा टाळलेल्या बऱ्या.

चिरेखाणीत बदलाला वाव कमी. चिरे उचलणं, कटरची थरथर, धूळ, खाणीची उतरती वाट. पाठ किंवा हात दुखावलेल्याला तिथे ट्रकच्या फेऱ्यांची आणि चिऱ्यांच्या मोजणीची नोंद, डिझेलचा हिशेब, सावलीत मशीनची पाती बदलायला मदत, एवढंच. मोठ्या खाणीत तेवढ्यावर एक माणूस चालतो. छोट्या खाणीत चालत नाही, आणि तिथे मग शेजारच्या दोन-तीन खाणमालकांनी मिळून हिशेबनीस म्हणून त्याला ठेवावं, असं मला वाटतं.

आंब्याच्या बागेत झाडावरून पडून आलेल्याला पुन्हा झाडावर चढवायची घाई नको. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (आंबे काढायची जाळीची काठी) हातात दिला तर बरीचशी काढणी जमिनीवरून होते. खांदा दुखावला असेल तर मात्र झेलाही नको, कारण हात सतत वर धरावा लागतो. त्याला शेडमध्ये प्रतवारीला बसवा.

किलोवरची मजुरी

इथे बहुतेक चांगले बेत फसतात. काजूच्या कारखान्यात कटिंग आणि सोलणीला किलोवर मजुरी असते. हात हळू झालेली बाई परत आली, सोलणीला बसली, दिवसाअखेर पूर्वीच्या निम्मे किलो भरले, की हातात निम्मी मजुरी. चार दिवस असं झालं की ती जोर लावते, मनगट सुजतं आणि पुन्हा घरी. किंवा मनात म्हणते, यापेक्षा घरी बरी.

उपाय सरळ आहे. अपघाताआधीच्या तीन महिन्यांची सरासरी रोजची मजुरी काढा आणि ठरलेले आठवडे तेवढी द्या, किलो कितीही भरोत. किलो लिहीत रहा, पण ते प्रगती बघण्यापुरते. हा खर्च थोडा आहे, आणि नवी बाई शिकवताना तुटलेल्या गरांचा तोटा सहसा त्याहून जास्त निघतो. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावातला फरक काजूवाल्याला मी सांगायला नको.

ईएसआयसीच्या बाबतीत एक खाचखळगा लक्षात ठेवा. ज्या दिवशी काम करून मजुरी घेतली, त्या दिवसाचा तात्पुरत्या असमर्थतेचा लाभ मिळत नाही. म्हणजे डॉक्टरांचा 'अनफिट' दाखला चालू असताना "ये दोन तास, बस जरा" म्हणून बोलावलंत तर तिचा लाभ धोक्यात येतो. आधी ईएसआयच्या डॉक्टरांशी बोला, दाखल्यावर मर्यादांसह काम करण्याची तारीख घ्या, आणि त्या दिवसापासून अर्धा दिवस काम असलं तरी पूर्ण मजुरी द्या. १९४८ च्या जुन्या ईएसआय कायद्यात लाभ चालू असताना कामगाराला काढून टाकायलाही मनाई होती, हे मुकादमांच्या कानावर घालून ठेवा.

वेळ हळूहळू वाढवा

मनगटाच्या उदाहरणात वेळापत्रक साधारण असं पडेल. पहिले दोन आठवडे रोज चार तास, ग्रेडिंग आणि नोंदी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सहा तास, त्यातले दोन सोलणीचे. पाचव्यात पूर्ण वेळ, पण कटिंग नाही. सहाव्यात रोज अर्धा तास कटरवर, मग एक तास, मग दोन. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: तास वाढवले त्या आठवड्यात वजन वाढवू नका. कामानंतर थोडं दुखणारच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर उतरलं तर ठीक; सूज दिसली किंवा सकाळीही तेवढंच दुखत असलं तर एक टप्पा मागे या. मागे येणं वेळापत्रकातच लिहून ठेवा, म्हणजे कुणाला कमीपणा वाटणार नाही.

दर शुक्रवारी पाच मिनिटं बसून बोला. "बरं आहे ना?" विचाराल तर "व्हय, बरा आसा" एवढंच उत्तर येईल. "आज कुठलं काम करताना हात थांबला?" असं विचारा.

व्यवस्थेला शेवटची तारीख हवी. सहा किंवा आठ आठवड्यांनी डॉक्टरांच्या नव्या मर्यादा घेऊन पुन्हा ठरवायचं. नाहीतर तात्पुरती जागा नकळत कायमची होते आणि बाकीच्या बायका कुजबुजू लागतात. त्या तशाही कुजबुजतील. परत येण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एकत्र सांगून टाका, की वैनी अमुक आठवडे ग्रेडिंगला आहेत, मजुरी सरासरीने आहे, आणि उद्या तुमच्यापैकी कुणावर वेळ आली तर हाच नियम आहे. कुजबुज बरीच उतरते.

पाखाडी, एसटी आणि पाऊस

कारखान्यातलं सगळं नीट केलं आणि माणूस कारखान्यापर्यंत पोचतच नाही, असं कोकणात होऊ शकतं. वाडीतून रस्त्यापर्यंत पाखाडी, पायऱ्या उंच-सखल, जून लागला की शेवाळ. पाय मोडलेल्याला तिथेच दुसरा अपघात. काठीला रबरी बूच लावा आणि झिजलं की बदला. एसटीची उंच पायरी चढवत नसेल तर त्या बाजूने येणाऱ्या सहकाऱ्याला पेट्रोलचे पैसे देऊन गाडीवर आणायला सांगा, किंवा सकाळची गर्दीची गाडी टळेल अशी कामाची वेळ तासभर पुढे सरकवा. पावसाळ्यात शक्य असेल तर परतण्याची तारीखच अशी ठरवा, की पहिले दोन आठवडे मुसळधार पावसात सापडणार नाहीत.

कायमचं अधूपण राहिलं तर

बोट गेलं, पाय गेला, नजर अधू झाली, तर मर्यादा संपण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. ईएसआयसीत वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्याप्रमाणे कायमचा लाभ मिळतो. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या; बऱ्याच सवलतींना ४० टक्क्यांची अट असते. कृत्रिम पाय बसवायचा तर मुंबईला हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. पाय बसवून भागत नाही, चालायला शिकायला आठवडे जातात, तेवढी रजा आधीच मोजा.

सरकारी आणि निमसरकारी नोकरीत गोष्ट वेगळी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तसं पद नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवायचं. एसटीच्या चालकाला हे लागू होतं. राजीनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्यांनी हे वाचावं. खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण लिहून जाहीर करायचं असतं, आणि वर सांगितलेली कामांची वही हा त्याचा चांगला पाया आहे.

होडी

समुद्रात हलकं काम नसतं. विंचचा दोर, ओला डेक, जाळं ओढणं, रात्रपाळी. खांदा निखळलेला खलाशी तिथे स्वतःला आणि तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला), दोघांनाही धोका आहे. त्याला बंदरावरच ठेवावं लागतं: बर्फ आणि डिझेलच्या नोंदी, लिलावाच्या वेळी टोपल्या मोजणं, आणि मुख्य म्हणजे जाळी दुरुस्त करणं. जाळं विणताना हात खांद्याच्या खाली राहतो, बसून काम होतं, आणि कसबी माणसाची तिथे किंमत आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तो काळ वाया घालवू नका. दुखापत हंगामाच्या शेवटी झाली असेल तर व्यायाम, तपासणी आणि जाळ्यांचं काम या दोन महिन्यांत बसतं, आणि ऑगस्टला होडीवर जायचं की बंदरावर राहायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवता येतं. मच्छीमारांच्या समूह अपघात विम्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि इस्पितळाच्या खर्चाला २५ हजारांपर्यंत तरतूद आहे. नाव नोंदलेलं आहे का ते सोसायटीत आधी बघा. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा वेगळा, त्याचाही दावा करता येतो.

राहतो तो वाट्याचा प्रश्न. होडीवरचा माणूस पगारावर नसतो, मासळीच्या विक्रीतून वाटा घेतो, आणि बंदरावर बसलेल्याला वाटा का, असं बाकीचे खलाशी विचारणारच. काही महिन्यांपुरता अर्धा वाटा, किंवा जाळ्यांच्या कामाची ठरलेली मजुरी, काय असेल ते नाखव्याने (होडीच्या मालकाने) तांडेल आणि खलाशांना समोर बसवून जूनमध्येच ठरवावं आणि वहीत लिहावं. होडी पाण्यात गेल्यावर कोणाला ऐकायला वेळ नसतो.